यशस्वी प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला कोणती स्किल्स लागतात?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकल डिग्री आहे, चार वर्षं क्वालिटीत आहात, आता प्रोजेक्ट्सकडे जायचंय आणि पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) आधी करावं का. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे, प्रेशर व्हेसल (दाब सहन करणाऱ्या टाक्या), हीट एक्स्चेंजरच्या ऑर्डरी बघतो, तेव्हा उत्तर फॅब्रिकेशनच्या बाजूनं देतोय.

माझ्या मते सगळ्यात मोठं स्किल म्हणजे उशीर होणार हे वेळेत कळणं. शेड्यूल सॉफ्टवेअरमध्ये कोणीही बनवतं हो, पण व्हेंडरला "कधी देणार" विचारलं की "थई जशे साहेब" (होऊन जाईल साहेब) एवढंच मिळतं, म्हणून विचारायचं की फोर्जिंग (घडवलेला धातूचा भाग) आलं का, हीट नंबर (धातूच्या ओतीव घाण्याचा नंबर) सांगा, इन्स्पेक्शन कॉल टाकला का, म्हणजे तपासणीला बोलावलं का, आणि अधूनमधून स्वतः शॉपवर जाऊन बघायचं. जाड प्लेट क्रिटिकल पाथवर, म्हणजे डिस्पॅचची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीत असेल तर तिथला एक दिवस गेला की डिस्पॅचचा एक दिवस गेलाच, नेमप्लेटला मात्र भरपूर फ्लोट (उशीर चालेल अशी सवड) असतो, तिच्यामागे कशाला धावायचं.

इथलं कॅलेंडरही पाठ हवं. दिवाळीनंतर लाभपाचमेला कुलपं उघडतात पण लगेच दुसऱ्या दिवशी छठ, म्हणजे बिहारकडचे वेल्डर गावीच असतात. त्या आठवड्यात हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) दाखवणारं शेड्यूल मी पुढे जाऊ देत नाही. १४-१५ जानेवारीला उतरायण, तेव्हाही तेच.

दुसरं, माणसं. फोरमन प्रॉडक्शनचा, खरेदी परचेसची, आपल्या हाताखाली तसं कोणीच नाही, आणि वेल्ड रिपेअर निघालंय हे सांगायला आलेल्या माणसावर एकदा ओरडलात की पुढच्या वेळी ते तुम्हाला क्लायंटच्या इन्स्पेक्टरकडून कळेल. ऐकून घ्या, मग रस्ता काढा. हे मी खूप मनापासून सांगतोय.

क्लायंट मीटिंगमध्ये सहज म्हणाला "दोन नोझल (टाकीला पाइप जोडायची तोंडं) वाढवा" तर त्याच दिवशी मेल, किती पैसे आणि किती दिवस वाढतील ते लिहून.

क्वालिटीतून येताय म्हणजे आयटीपी (तपासणीचा आराखडा), होल्ड पॉइंट (तपासणी झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही ती जागा) तुम्हाला येतातच, ती जमेची बाजू. कच्चं असेल ते पैशांचं. पेमेंट माइलस्टोन, बँक गॅरंटी, एलडीचं (उशिराच्या दंडाचं) कलम नीट वाचा, पुष्कळ ऑर्डरींत आठवड्याला ०.५ टक्के आणि जास्तीत जास्त ५ टक्के असतं, म्हणजे बरेचदा सगळं मार्जिन त्यातच जातं.

पीएमपीला चार वर्षांची डिग्री असली तरी प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं. त्यामुळे आधी आहे त्याच कंपनीत एखादी छोटी ऑर्डर मागून घ्या, किकऑफपासून (पहिल्या मीटिंगपासून) डिस्पॅचपर्यंत पूर्ण, परीक्षेचं नंतर बघा.