नागपूरहून पचमढीकडे ट्रेकला जातोय, रात्री डोंगरातल्या गुहेत मुक्काम केला तर चालेल का?

गुहेच्या भरवशावर निघू नका, तंबू सोबत घ्याच. पावसाने गाठलं तरच गुहा, तीही उजेडात नीट पाहून. कारण अस्वल. सातपुड्यात ते दिवसा गुहेत झोपतं, रात्री चरायला निघतं आणि पहाटे परततं. म्हणजे संध्याकाळी रिकामी दिसलेली गुहा खरंच रिकामी असेलच असं नाही. तोंडाशी बोरांच्या बिया किंवा मुंग्यांचे अवशेष असलेली विष्ठा, काळे राठ केस, भिंतीवर नखांचे ओरखडे, यातलं काहीही दिसलं की मागे फिरा. जंगलालगतचे वाटाडेही आधी हेच बघतात. शिवाय:

- छताला आग्या मोहोळ नको.
- वटवाघळांच्या विष्ठेचा थर नको. त्या धुळीतून फुफ्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.
- नुकतेच निखळलेले दगड खाली नकोत.
- आत शेकोटी अजिबात नको. धूर कोंडतो, तापलेल्या खडकाच्या कपच्या उडतात.

मात्र पचमढीभोवतीचा बराच भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळ भरणाऱ्या नागद्वार यात्रेत वाट खुली असते म्हणून एरवीही चालतं, असं कृपया समजू नका.