जुन्या लॅपटॉपवर आयडीई (कोड लिहून चालवायचं मोठं सॉफ्टवेअर) उघडत नाही. जावाचा प्रोग्राम नुसत्या टर्मिनलवरून चालेल का?

चालते ना! आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात पोरं असंच शिकतात. फक्त जेडीके (जावाचा प्रोग्राम बनवायचा साधनसंच) टाका, आवृत्ती ११ किंवा त्यापुढची. २०१८ च्या त्या ११ व्या आवृत्तीपासून टर्मिनलवर ‘जावा’ (java) लिहून पुढे फाईलचं एक्स्टेन्शनसह नाव दिलं की झालं. कंपाइल, म्हणजे कोडचं जावाला चालवता येईल असं रूपांतर, मेमरीतच होतं. समजा कापसाची रक्कम काढायची आहे: क्विंटल आणि भाव त्याच ओळीत पुढे लिहिले, तर ते मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागाच्या) आर्ग्युमेंटमध्ये येतात, पण मजकूर म्हणून. गुणाकाराआधी त्यांचे आकडे करून घ्या.

आणि मुख्य गोष्ट समजून घ्या: तुमचा कोड थेट प्रोसेसरवर जात नाही. तो जेव्हीएम (जावा व्हर्च्युअल मशीन) चालवतं; हे खरं लोखंडी नव्हे, तर आधी कागदावर नियमांनी ठरवलेलं यंत्र आहे. गुणाकारासाठी ते दोन्ही आकडे स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या ढिगावर) ठेवतं, उचलतं, उत्तर परत तिथंच ठेवतं. ‘जावासी’ने (javac) क्लास फाईल, म्हणजे कंपाइल झालेली फाईल, बनवून त्यावर ‘जावापी’ (javap) कमांड ‘-सी’ (-c) लावून चालवा. ही एकेक पायरी डोळ्यांनी दिसते.