थंडी कितीही असू दे, दुपारी ऊन हवं

तुम्ही जन्मापासून मुंबईत, 18 अंशांना तुमच्या बिल्डिंगमध्ये कपाटातून स्वेटर बाहेर येतात, आणि कोरडी, बोचरी, धुक्याची, ढगाळ असे थंडीचे प्रकार नुसते ऐकून आहात. यांतली कुठली आवडते आणि का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर पक्कं आहे: कोरडी. पहाटे पारा 5-6 अंशांवर गेला तरी चालेल, पण अकरा वाजता पाठ शेकेल इतकं ऊन पडलं पाहिजे. बिनउन्हाची 12 अंशांची थंडी मला त्याहून जास्त छळते.

माझं गाव निफाड तालुक्यातलं, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. डिसेंबर-जानेवारीत पेपरात ‘निफाड गारठले’ अशी बातमी येते, तिच्यातला आकडा बहुतेकदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. नाशिक शहरापेक्षा तो सहसा खालीच निघतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला, अशा रात्री दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब सरळ वर सोडून देते. ढग असते तर त्यांनी ती अडवून बरीचशी खाली परत पाठवली असती. गार हवा जड, ती सखल भागात येऊन बसते. शहरात सिमेंट आणि डांबर रात्रभर थोडीफार ऊब धरून ठेवतात, शिवारात ती धरायला काही नसतं. सगळ्यात जास्त काकडायला होतं ते मध्यरात्री नाही, सूर्य उगवायच्या सुमाराला, कारण तोवर जमीन ऊब गमावतच असते.

पण त्याच मोकळ्या आभाळामुळे दिवसाचा हिशोब चुकता होतो. सकाळी 6 अंश असले तरी दुपारी दोनला 26-27 होतात. साडेनऊला माणसं ओट्यावर पाठ उन्हाकडे करून बसलेली असतात, दहाला कानटोपी निघते, अकराला स्वेटर दोरीवर. बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा याच दिवसांत खरा लागतो, एरवी भाकरी नुसती गरम पडते. गोधडीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं गोधडीच गार असते, मग अशी झोप लागते की गजर ऐकू येत नाही.

द्राक्षवाल्यांना मात्र ही थंडी आवडते का, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागांमध्ये जानेवारीत मण्यांत पाणी उतरत असतं, साखर चढत असते. अशात पारा एकदम घसरला की मणी तडकतात. पांढऱ्या वाणांच्या मण्यांवर गुलाबी छटा येते, तिला बागायतदार ‘पिंक बेरी’ म्हणतात, आणि असा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून पहाटे तीन-चारला उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या. खाली काडीकचरा, वर थोडा ओला पाला, म्हणजे जाळ बेताचा आणि धूर भरपूर. तो धूर फार वर चढत नाही. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्यामुळे तो मांडवाच्या आसपासच तरंगत राहतो, डोळ्यांची आग होते. जोडीला विहिरीचं पाणी ठिबकवर सोडतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा चांगलंच उबदार असतं, त्यावर वाफ दिसते. आमचे चुलते पाइपाच्या तोंडाशी आधी हात शेकून घेतात आणि मग व्हॉल्व्ह फिरवतात. आणि बांधापलीकडे ज्याचा गहू-हरभरा उभा आहे तो खूश, कारण त्याच्या पिकाला हीच थंडी मानवते. एकाच रात्रीला अलीकडे शिव्या आणि पलीकडे समाधान.

आता उलट टोक. नोकरीनिमित्त काही हिवाळे दिल्लीत काढले. तिथली थंडी आकड्यात पाहिली तर निफाडपेक्षा फार वेगळी वाटत नाही: किमान 7-8. भानगड आहे कमाल तापमानाची. जानेवारीत धुकं धरलं की ते दिवसा विरत नाही, नुसतं वर उचललं जातं आणि छतासारखं अंथरून राहतं. ऊन खाली पोचतच नाही. दुपारी 13-14 अंश, आणि असं चार-चार दिवस. हवामान खात्यात याला वेगळा शब्द आहे, ‘शीत दिवस’: किमान 10 किंवा त्याखाली आणि कमाल सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. रात्रीच्या थंडीच्या लाटेइतकाच त्यांनी दिवसाचा गारठाही मोजायला घेतला, हे मला फार पटतं. ज्याने तो भोगलाय त्यालाच कळेल की थंडी रात्रीपेक्षा दुपारी जास्त खचवते.

कारण तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. संगमरवरी किंवा मोझॅकची फरशी, उंच छत, दारा-खिडक्यांना फटी, भिंतीत उष्णतेची सोय काही नाही. बाहेर 14 असताना घरात त्याहून गार वाटतं. धुतलेले मोजे तिसऱ्या दिवशीही ओलसर, ते मी सकाळी इस्त्रीखाली घालून वाळवायचो. हीटरसमोर बसलं की नडग्या भाजतात आणि पाठ गारच राहते. हवेचं काय होतं ते तुम्ही बातम्यांत वाचताच: वारा नाही, वर उबदार थर, खाली धूर कोंडलेला. म्हणजे शेकोटीच्या धुराला आमच्याकडे जे थोपवून धरतं, तेच तिथे अख्ख्या शहराच्या धुराला थोपवतं. रेवडी, गजक, गाजरहलवा आणि रजई या चार गोष्टींचे मार्क मी दिल्लीला पूर्ण देतो. दिल्लीकर मित्र म्हणतात, धुक्यातल्या सकाळची मजा तुला कळलीच नाही. नसेल कळली. समोरची बस दहा पावलांवर आल्यावर दिसणं यात मला मजा वाटत नाही.

बोचरी थंडी म्हणजे वाऱ्याची. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, येऊन गेला, पहाडात बर्फ पडला आणि वारं उत्तरेकडून वाहायला लागलं की विदर्भ आधी गारठतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली होती. अंगाभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत पळवून नेतो, म्हणून 10 अंशही 5 सारखे झोंबतात. पण ऊन असतं, आडोसा शोधला की प्रश्न मिटतो. मोटरसायकलवर छातीला वर्तमानपत्र लावून जाणारे लोक मी अजून पाहतो. उपाय जुना आहे आणि कामाचा आहे. या थंडीला माझा दुसरा नंबर.

ढगाळ थंडीला शेवटचा. डिसेंबरात आभाळ भरून आलं की किमान तापमान वर चढतं, 15-16 होतं, आणि शहरातले लोक म्हणतात थंडी पळाली. पण दुपारही 22-23 च्या पुढे जात नाही, दिवसभर संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. बागेत भुरी आणि डाऊनी, कांद्यावर करपा असे बुरशीचे रोग, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणीच्या फेऱ्या. ही थंडी कुणाच्याच कामाची नाही.

महाबळेश्वरबद्दल लोक विचारतातच, म्हणून थोडक्यात. वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याचे फोटो दरवर्षी फिरतात, आणि गावातलं अधिकृत तापमान तर शून्याच्या बरंच वर असतं. यात खोटं कुणीच नाही. अधिकृत थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. गवताचं पातं आणि जीपचा टप उघड्या आभाळाखाली त्याहून काही अंश जास्त गार होतात. फोटो खरा, फक्त तो गवताचा आहे, हवेचा नाही.

आणि मुंबईला कमी लेखू नका. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशांची नोंद आहे. हवामान खातंही किनारपट्टीसाठी वेगळा निकष लावतं: मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला पारा 10 किंवा त्याखाली हवा, किनाऱ्यावर 15 पुरतात, अर्थात सरासरीपेक्षा घसरणही निदान साडेचार अंशांची असेल तर. म्हणजे 18 ला स्वेटर घालणाऱ्या शेजाऱ्यांना हसायचं कारण नाही. सकाळी बाथरूममधलं खोबरेल गोठलेलं दिसलं की समजा तुमच्याकडेही थंडी आली. तेवढ्याने भागत असेल तर रायगडात पोपटीला जा. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या, रात्रीची शेकोटी, कानाला रुमाल. तीही थंडीच आहे, फक्त प्रेमळ.

पण खरी कोरडी थंडी अनुभवायची असेल तर डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत नाशिक-निफाड-सिन्नर पट्ट्यात या. निघायच्या आधी किमान तापमान बघू नका, आभाळ बघा. ढगाळ अंदाज असेल तर बेत पुढे ढकला. एक जाड जाकीट आणण्यापेक्षा एकावर एक तीन पातळ कपडे आणा, कारण दुपारी सगळं उतरवावं लागणार. व्हॅसलीन विसरू नका, या हवेत ओठ आणि टाचा दुसऱ्याच दिवशी फुटतात. शेतावरच्या खोलीत राहणार असाल तर आंघोळीला बंब आहे की गिझर, हे बुकिंग करतानाच विचारा. बंब असेल तर पहाटे तो पेटवणारा किती वाजता उठतो, हेही.