होर्हे रामोस कोण आहेत? अमेरिकेत ते एवढे प्रसिद्ध का?

अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत रात्रीच्या बातम्या म्हणजे रामोस, असं समीकरण जवळपास चार दशकं होतं. जन्म १९५८, मेक्सिको सिटी. तिथल्या वाहिनीने त्यांच्या बातमीला कात्री लावली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून १९८३ मध्ये विद्यार्थी व्हिसावर लॉस एंजेलिस गाठलं. सुरुवातीला हॉटेलात वेटरगिरीही केली. १९८६ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते युनिव्हिजन या अमेरिकेतल्या स्पॅनिश वाहिनीच्या राष्ट्रीय बातमीपत्राचे अँकर झाले. पुढे सहअँकर मारिया एलेना सालिनास यांच्यासोबतची त्यांची जोडी चांगलीच गाजली.

इंग्रजी प्रेक्षकांना ते खरे कळले ऑगस्ट २०१५ मध्ये. आयोवा राज्यात ट्रम्प यांच्या पत्रकार परिषदेत स्थलांतरितांवरचा प्रश्न रेटत ते उभेच राहिले. ट्रम्प यांनी ‘युनिव्हिजनला परत जा’ म्हटलं आणि सुरक्षारक्षकाने त्यांना बाहेर काढलं. थोड्या वेळाने परत घेतलं, तर पुन्हा तेच प्रश्न! २०१९ मध्ये काराकासला मुलाखतीत त्यांनी व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष मादुरो यांना कचऱ्याच्या ट्रकमधून अन्न शोधणाऱ्या तरुणांचा व्हिडिओ दाखवला. मादुरो उठून गेले, कॅमेरे जप्त झाले आणि रामोस यांची देशाबाहेर रवानगी झाली.

ते पत्रकार कमी आणि कार्यकर्ते जास्त, अशी टीका होते. ती अगदीच निराधार नाही. पण ओबामांनाही स्थलांतर कायद्याचं आश्वासन पाळलं नाही म्हणून त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी युनिव्हिजन सोडलं.