बॅरियर संपतो, क्रॉसओव्हर संपत नाही, मग तो बंद करायचा का?

तुमचं मॉडेल गोदामांतून दुकानांना माल पाठवायचं आहे, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगचं (साध्या बेरीज-गुणाकाराच्या अटी पाळून सर्वात स्वस्त उत्तर शोधायचं), सॉल्व्हरचा बॅरियर (शक्य उत्तरांच्या आतून ऑप्टिमलकडे म्हणजे सर्वोत्तमाकडे जाणारी पद्धत) ४०-४५ इटरेशनमध्ये म्हणजे फेऱ्यांत गॅप (हातातलं उत्तर सर्वोत्तमापासून किती दूर असू शकतं तो फरक) मिटवतो पण नंतर क्रॉसओव्हर (ते आतलं उत्तर एका कोपऱ्यावर नेणारी पायरी) तासभर रेंगाळतो, आणि तो बंद केला तर शून्याच्या जागी ०.०००००३ असले आकडे येतात, हे चुकतंय का असं विचारलंय तुम्ही. चुकत काही नाही, ही पद्धतच तशी आहे.

जुनी पद्धत, सिम्प्लेक्स, शक्य उत्तरांच्या आकाराच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्येच दाखवलं की वाईट केसमध्ये तिला सगळे कोपरे फिरावे लागू शकतात. खाचियानचा १९७९ चा एलिप्सॉइड ही पद्धत थिअरीत पॉलिनॉमिअल (मॉडेल वाढलं तरी वेळ आवाक्यात वाढतो), पण प्रत्यक्ष वापरात फारच स्लो. मग १९८४ मध्ये आपले नरेंद्र करमरकर, आयआयटी मुंबईचे, तेव्हा बेल लॅब्जमध्ये होते, त्यांनी आतून जाणारी पद्धत मांडली आणि ती थिअरीतही टिकली, कामातही चालली. ही केवढी मोठी गोष्ट होती हे आपल्याकडे अजून पुरेसं सांगितलं जात नाही असं मला मनापासून वाटतं.

आजचे सॉल्व्हर बहुतेक प्रायमल-ड्युअल (मूळ मॉडेल आणि त्याचं जोडीचं ‘ड्युअल’ मॉडेल एकदम सोडवणारा) बॅरियर चालवतात, मेहरोत्रा यांच्या १९९२ च्या प्रेडिक्टर-करेक्टर (आधी अंदाजाचं पाऊल, मग दुरुस्ती) धाटणीचा. त्यात प्रत्येक व्हेरिएबल आणि त्याचा ड्युअल स्लॅक (ड्युअल मॉडेलमध्ये त्या व्हेरिएबलच्या अटीत उरलेली जागा) यांचा गुणाकार म्यू नावाच्या एका छोट्या आकड्याजवळ ठेवतात आणि म्यू शून्याकडे नेत राहतात, त्यामुळे कुठलंच व्हेरिएबल अगदी शून्य होत नाही. तुमचे ०.०००००३ तिथून आले.

आता क्रॉसओव्हर. एक्स + वाय जास्तीत जास्त करा, बेरीज ४ च्या वर नको, दोन्ही शून्य किंवा जास्त, एवढंच घ्या. सिम्प्लेक्स (४,०) किंवा (०,४) देईल, बॅरियर (२,२) कडे जाईल कारण सगळी कडच ऑप्टिमल आहे आणि तो तिच्या मध्यात थांबतो. तुमच्यासारख्या मॉडेलमध्ये सारख्याच खर्चाचे रस्ते पुष्कळ, म्हणजे असे मध्येच लटकलेले व्हेरिएबल हजारोंनी, आणि क्रॉसओव्हरला त्यातलं एकेक बाउंडला (त्याच्या किमान किंवा कमाल मर्यादेला) ढकलायचं नाहीतर बेसिसमध्ये (कोपरा ठरवणाऱ्या व्हेरिएबलांच्या संचात) घ्यायचं असतं, तासभर त्यातच जातो.

नुसता एकूण खर्च किंवा ढोबळ प्लॅन हवा असेल तर खुशाल बंद करा. पण प्लॅन थेट गाड्यांना द्यायचा असेल तर चालू ठेवा, नाहीतर एका दुकानाचा माल चार गोदामांतून थोडा थोडा निघेल. रोज थोडे आकडे बदलून परत सोडवत असाल तरी बेसिस हवाच, कारण कालच्या उत्तरावरून सुरुवात करायला सिम्प्लेक्ससारखं दुसरं काही नाही, बॅरियरला ते नीट जमत नाही. इंटीजर मॉडेलमध्ये (काही आकडे पूर्णांकच हवेत अशा) म्हणूनच बॅरियर सहसा फक्त रूट नोडला, म्हणजे शोधाच्या पहिल्या मॉडेलला लावतात, पुढच्या थोड्या बदललेल्या मॉडेलना ड्युअल सिम्प्लेक्स (सिम्प्लेक्सचाच एक प्रकार).

अजून एक बघा, बॅरियर स्वतःच अडकत असेल तर डेन्स कॉलम, म्हणजे मॉडेलच्या आकड्यांच्या तक्त्यातला खूप नॉनझिरो (शून्य नसलेले) आकडे असलेला कॉलम शोधा. एका कॉलमात १०,००० नॉनझिरो असले तर नॉर्मल इक्वेशन्समध्ये (बॅरियर प्रत्येक फेरीत सोडवतो ती समीकरणं) त्या एकट्यापायी १०,००० बाय १०,००० चा ब्लॉक भरतो आणि चोलेस्की, म्हणजे ती समीकरणं सोडवायला तक्ता फॅक्टरमध्ये फोडायची पायरी, तिथेच बसते. बरेच सॉल्व्हर असे कॉलम वेगळे काढतात, पण लॉगमध्ये फॅक्टरच्या नॉनझिरोंचा आकडा असतो तो आधी बघून सांगा.