डी ड्राइव्ह दिसतो, पण सेव्ह होत नाही!

प्रश्न: लॅपटॉपवर विंडोज 11 चढत नाही म्हणून भाच्याने विंडोज 10 तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलं आणि तो गेला होस्टेलला. आता डी ड्राइव्हमधल्या फायली उघडतात पण सेव्ह करायला गेलं की रीड ओन्ली म्हणतं, घड्याळ अधूनमधून काही तासांनी चुकतं, डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरवर डबल क्लिक केलं तर ढिम्म काही होत नाही, आणि वर्डमधल्या एका पानाच्या पत्राची दोन पानं होतात. लॅपटॉप बिघडलाय की माझंच चुकतंय?
- एक निवृत्त वाचक

उत्तर: काका, लॅपटॉप ठणठणीत आहे आणि तुमचंही काही चुकलेलं नाही, भाचेबुवांचं एक सेटिंग तेवढं राहून गेलं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक प्रकार असतो. आपण शटडाउन करतो पण ते पूर्ण बंद होतच नाही, पुढच्या वेळी पटकन चालू व्हावं म्हणून बरंच काही डिस्कवर लिहून ठेवतं आणि ड्राइव्हवरचा ताबा सोडत नाही. लिनक्सला हे कळतं, म्हणून ते फायली वाचू देतं, लिहू देत नाही. नेटवर जबरदस्तीने लिहायला लावायच्या युक्त्या सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका, डेटा जाऊ शकतो. विंडोज चालू करा, कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअपची टिक काढा (टिक फिकट दिसत असेल तर वरच्या निळ्या ओळीवर आधी क्लिक करायचं) आणि मग शटडाउन करा. गंमत बघा, रीस्टार्ट केलं तर विंडोज नीट बंद होतं, शटडाउन केलं तर नाही!

घड्याळाचं म्हणाल तर विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. भाच्याला फोन करून सांगा, टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून लिनक्सलाही लोकल टाइम धरायला लाव, एका ओळीचं काम आहे.

सॉफ्टवेअरची सवय मात्र तुम्हालाच मोडायला लागेल. एक्सई (.exe) म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल विंडोजची, ती इथे आपणहून चालत नाही. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम) टाकून काही चालतात पण त्याच्या भरवशावर राहू नका. मेनूमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, काहीही हवं असलं की आधी तिथे शोधायचं, मोबाइलवर करतो तसंच.

पत्र लांबतं ते बहुतेक फॉन्टमुळे. वर्डमधला कॅलिब्री फॉन्ट लिनक्ससोबत येत नाही, त्याऐवजी कार्लिटो फॉन्ट टाका, त्याच्या अक्षरांची रुंदी तेवढीच आहे. जुनी मराठी पत्रं युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर अगम्य अक्षरं दिसतील, तेव्हा तोच फॉन्ट विंडोजमधून कॉपी करून इथे टाकायचा.

आणि हो, विंडोज 10 चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, तेव्हा बँकेची कामं तरी मिंटमधूनच करा.