वाट बघणाऱ्याला शिदो मिळतो

अगं, तुझा मेसेज तीनदा वाचला. ज्युदो शिकवायला परक्या देशात जाऊन आठ महिने झाले, बॅच अजून दिली नाही, नुसतं वॉर्मअप घ्यायला लावतात, आणि तू विचारतेस सर, हे लोक मला आपलं कधी म्हणतील? त्याची वाट बघत थांबलीस ना, तिथेच चुकतंय. मॅटवर नुसतं उभं राहणाऱ्याला काय मिळतं? शिदो, म्हणजे रेफ्रीची शिक्षा. तीन झाले की बाहेर.

ज्युदोपटू इलियास इलियादिसचं बघ. जन्म जॉर्जियाचा, मूळ आडनाव झ्वियादौरी, ग्रीसमध्ये कोच निकोस इलियादिसनी दत्तक घेतलं आणि 2004 ला अथेन्समध्ये 81 किलो वजनगटात गोल्ड, वय फक्त 17. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याच्या नात्यातल्या भावाने, झुराबने, 90 किलोचं गोल्ड जॉर्जियाला दिलं. एकाच घरातली पोरं, दोन झेंडे. बीजिंगला 2008 मध्ये ग्रीसचा झेंडा याच्याच हातात होता आणि पहिल्याच फाइटला हा बाहेर. तेव्हा त्याला काय वाटलं असेल सांग? पण 2010, 2011, 2014, तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झालाच ना, आणि मग उझबेकिस्तानला कोच, म्हणजे परत नवीन देश, परत परका. पॅरिसला 2024 मध्ये त्याच्या टीमची दियोरा केल्दियोरोवा जपानच्या उता आबेसमोर वाझा-आरीने, म्हणजे अर्ध्या गुणाने, मागे होती, समोर मागच्या ऑलिम्पिकची चॅम्पियन. दियोराने इप्पॉन, म्हणजे फाइट तिथेच संपवणारा पूर्ण गुण, टाकला आणि पुढे गोल्ड घेतलं, उझबेकिस्तानचं ज्युदोतलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड. मागे असताना हातावर हात ठेवून बसली असती तर?

माझी ती फाइट तुला कधी सांगितली नाही. सिलेक्शनची फायनल, मी पुढे होतो, चाळीस सेकंद राहिलेले. पकडच दिली नाही, मागे मागे सरकत कडेला गेलो, टाचेखाली मॅटचा रंग बदललेला कळला, डोळे घड्याळावर. रेफ्रीने थांबवून शिक्षा दिली, परत सुरू झालं आणि पुढच्याच पकडीत मी पाठीवर. छताचे पत्रे अजून दिसतात मला. लोक म्हणाले घाबरला. घाबरलो नव्हतो गं, मला वाटलं एवढं पुरेल. आणि पुढच्या वर्षी बाहेरून कोचिंगला बोलावणं आलं तेव्हा वडील आजारी होते, ते खरंच होते, पण ते बरे झाल्यावरही मी कोणीतरी परत विचारेल म्हणून दोन वर्षं बसलो, कोणी विचारलं नाही. शिदोच तो.

म्हणून चिडतो तुझ्यावर. तुझी उचि-माता, ती मांडीने उचलून टाकायची फेक, माझ्यापेक्षा चांगली आहे हे मी तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहितोय. परत यायचं तर ये, घर तुझंच आहे, पण वाट बघून दमलीस म्हणून येऊ नकोस.

सोमवारी सिनियर्सच्या रांदोरीत, म्हणजे सरावाच्या फाइट्समध्ये, स्वतःहून उतर, कोणी बोलवायची गरज नाही. त्यातल्या सगळ्यात वजनदार पोरीची कॉलर आधी तू धर. आणि बोटांना टेप नीट लाव, मागच्या व्हिडिओत सुटलेली दिसत होती.